जुन्या मोटारींचे मूळपण

महाराष्ट्रात पावसाळा सरून थंडीची चाहूल लागते, त्या सुमारास चेन्नईचा खरा पावसाळा सुरू होतो. ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरून पाणी उचलतात आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत त्या सपाट शहरावर ते रिते करतात. शहराच्या दक्षिणेकडील वेलचेरी हा भाग या पावसाला विशेष भितो. जवळच जुना तलाव, पलीकडे पळ्ळिकरणैची दलदल आणि मध्ये गेल्या काही दशकांत दाटीने उभी राहिलेली वस्ती, अशी त्याची ठेवण आहे. पूर्वी जे पाणी शेतांतून आणि दलदलीतून सावकाश वाहून जाई, ते आता इमारतींच्या तळमजल्यांत वाट शोधते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात वेलचेरीने याचा कडू अनुभव घेतला. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा मिळताच तेथील रहिवाशांनी आपापल्या मोटारी उड्डाणपुलावर नेल्या आणि कठड्याच्या कडेने एकीमागे एक उभ्या करून ठेवल्या. पुराच्या आधी माणसांनी गुरे टेकडीवर न्यावीत, तसेच हे दृश्य होते.

पुलावर चढलेल्या त्या मोटारी बहुतेक अलीकडच्या होत्या. अशी मोटार पाण्यात बुडाली तर नुकसान होते, मनस्ताप होतो; परंतु विमा असतो आणि कालांतराने तिच्या जागी दुसरी येते. ज्या मोटारीचा कारखानाच चार दशकांपूर्वी बंद झाला, तिची गोष्ट वेगळी आहे. १९५६ सालची एम.जी.ए. जातीची दोन आसनांची एक विलायती स्पोर्ट्स मोटार कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. ती वेलचेरीतील एखाद्या घराच्या आडोशाला उभी आहे आणि रात्रीतून कंबरभर पाणी आत आले आहे. या गाडीच्या पायाखालच्या फळ्या पत्र्याच्या नसून प्लायवुडच्या असतात, त्या फुगतात. आसनांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या खाली बसवलेल्या असतात. त्या निकामी होतात. आसनांचे चामडे, तारांवरील वेष्टण, डायनामो, गेजांच्या तबकड्या, गिअरबॉक्समधील तेल, सर्वत्र गढूळ पाणी शिरते. ते ओसरल्यावर गाडी पूर्णपणे उघडावी लागते. आणि ती उघडली की कारागीर मालकाला एक साधा वाटणारा प्रश्न विचारतो : हिला परत कशासारखी करायची?

या प्रश्नाचे उत्तर देताना जगभरच्या जुन्या मोटारींच्या शौकिनांत दोन पंथ पडले आहेत. एक पंथ मूळपणाचा. गाडी कारखान्याच्या दारातून ज्या रूपात बाहेर पडली, त्याच रूपात ती असली पाहिजे, असे तो मानतो. दुसरा पंथ तत्कालीन फेरफारांचा. गाडी तरुण होती त्या काळात तिचे धनी तिच्यात जे बदल करीत, जे सुटे भाग त्या वेळी बाजारात मिळत, ते बसवणे म्हणजे तिच्या काळाशी द्रोह नव्हे, असे त्याचे म्हणणे. पहिला पंथ दुसऱ्याला शिथिल म्हणतो. दुसरा पहिल्याला सोवळा म्हणतो. वाद वरवर हौशी लोकांचा दिसतो, तथापि जुन्या वस्तूशी प्रामाणिक राहणे म्हणजे नेमके काय, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न केवळ मोटारींचा नाही.

मूळपणाच्या पंथाची बाजू भक्कम आहे. एकदा काढून टाकलेला मूळ भाग पुन्हा निर्माण होत नाही. नवा भाग कितीही हुबेहूब केला तरी तो नवाच असतो. १९५५ च्या कारागिराने कोणती शिवण घातली, कोणत्या खिळ्याने कोणते कातडे ठोकले, रंगाचे किती थर दिले, हे कळण्याचे साधन म्हणजे न उघडलेली गाडी. अशा गाड्या दिवसेंदिवस कमी होत आहेत आणि ज्या उरल्या त्या इतरांसाठी प्रमाणग्रंथासारख्या आहेत. इंग्लंडमध्ये गेडन येथे ब्रिटिश मोटार उद्योगाचा वारसा सांभाळणारी संस्था आहे. जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या तिने जपल्या आहेत आणि गाडीचा क्रमांक कळवला की कारखान्यातून बाहेर पडताना तिचा रंग कोणता होता, इंजिनाचा क्रमांक काय होता, ती कोणत्या देशी पाठवली गेली, याचे प्रमाणपत्र ती देते. मूळपणाला इतका स्पष्ट आधार दुसऱ्या फारशा जुन्या वस्तूंना लाभलेला नाही.

परंतु त्याच नोंदवह्या नीट वाचल्या म्हणजे एक अडचण उभी राहते. या स्पोर्ट्स मोटारींच्या बाबतीत कारखान्याचे दार ही शेवटची पायरी आहे, असे खुद्द कारखानेही मानीत नव्हते. एम.जी. हे नावच मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्डमधील विक्री व दुरुस्तीच्या पेढीचे आहे. साध्या मॉरिस गाड्यांवर वेगळी शरीरे चढवून आणि त्यांना चलाख करून सेसिल किंबर यांनी या मोटारींची परंपरा सुरू केली. म्हणजे तिचा जन्मच फेरफारातून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर एम.जी.च्या टी मालिकेतील गाड्यांसाठी कारखान्याने स्वतःच एक पुस्तिका काढली होती. इंजिनाची शक्ती टप्प्याटप्प्याने कशी वाढवावी, सिलिंडर हेड किती घासावे, मोठे कार्बोरेटर केव्हा बसवावेत, याचे धडे तिच्यात होते. ज्याला रविवारी शर्यतीत उतरायचे आहे आणि सोमवारी त्याच गाडीतून कचेरीत जायचे आहे, अशा माणसासाठी ही गाडी होती, आणि हे तिच्या निर्मात्यांना ठाऊक होते.

ऑस्टिन-हीली १०० या मोटारीचे उदाहरण तर या वादाचा गाभाच उघड करते. १९५३ मध्ये या गाड्या फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरल्या. त्या अनुभवातून मोठे कार्बोरेटर, थंड हवेची पेटी, वेगळा कॅमशाफ्ट वगैरे भागांचा एक संच तयार झाला. त्याने नव्वद अश्वशक्तीचे इंजिन शंभराच्या आसपास जाई. पुढे १९५५ पासून हाच संच बसवलेली गाडी १००एम या नावाने अधिकृतपणे विकली जाऊ लागली. अशा गाड्या ६४० झाल्या. परंतु तोच संच विक्रेत्यांकडेही मिळत होता, आणि साधी गाडी घेतलेल्या कितीतरी मालकांनी तो नंतर बसवून घेतला. आता दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोन्हींत तेच भाग, दोन्हींच्या बॉनेटवर तोच चामड्याचा पट्टा. एकीत तो संच कारखान्याच्या व्यवस्थेने बसला, दुसरीत सहा महिन्यांनी विक्रेत्याच्या दुकानात. नोंदवही पहिलीला १००एम म्हणते, दुसरीला म्हणत नाही. आणि बाजारात दोघींच्या किमतींत मोठे अंतर पडते. मग कोणी तिसरा मनुष्य आज नवा बनवलेला संच विकत आणून आपल्या साध्या गाडीत बसवतो आणि तिलाही त्याच नावाने मिरवतो. भाग तिन्ही ठिकाणी सारखेच. परंतु पहिली गाडी जन्माने तशी आहे, दुसरी आयुष्यात तशी झाली आणि तिसरी आज तशी सजवलेली आहे. यांतील पहिल्या दोन प्रामाणिक आहेत. तिसरीचा प्रामाणिकपणा तिचा मालक काय सांगतो यावर अवलंबून आहे.

कधी कधी तर कारखानाच बाहेरच्या कारागिराच्या मागून गेला. एम.जी.बी. या गाडीत आठ सिलिंडरांचे मोठे इंजिन बसवण्याचा उद्योग केन कॉस्टेलो नावाच्या शर्यतपटूने १९७० च्या सुमारास सुरू केला. कारखान्याची स्वतःची तशी गाडी १९७३ मध्ये आली. ज्या फेरफाराला प्रथम पाखंड म्हणता आले असते, तोच तीन वर्षांनी प्रमाण ठरला. साहजिकच, मूळ म्हणजे केवळ कारखान्याचे, ही व्याख्या अपुरी पडते.

इथवरचा वाद इंग्लंड-अमेरिकेतला आहे. हिंदुस्थानात आल्यावर त्याला एक निराळेच वळण लागते, आणि ते वेलचेरीच्या आसपासच पाहावयास मिळते. तेथून तांबरमच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की पुढे वंडलूर लागते. या भागात स्टँडर्ड मोटार प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीचा कारखाना होता. १९६१ पासून तेथे स्टँडर्ड हेराल्ड नावाची गाडी तयार होऊ लागली. ती म्हणजे इंग्लंडमधील ट्रायम्फ हेराल्डच. जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रेखाटनकाराने तिचे शरीर रेखले होते. तिला स्वतंत्र सांगाडा होता आणि तिचे संपूर्ण बॉनेट पुढच्या बाजूला उलटे उघडत असे. इंग्लंडमध्ये हाच सांगाडा आखूड करून त्यावर १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स मोटार उभी राहिली. तिचाही रेखाटनकार मिकेलोत्तीच. म्हणजे मद्रासच्या रस्त्यांवर घरगुती कामे करीत हिंडणारी हेराल्ड ही विलायतेतील एका नामांकित स्पोर्ट्स मोटारीची सख्खी बहीण होती. पुढे मद्रासच्या कारखान्याने हेराल्डला चार दारे दिली. अशी हेराल्ड इंग्लंडमध्ये कधी झालीच नाही. ती मूळ म्हणावी की फेरफार? इंग्लंडच्या नोंदवहीत तिचे नाव नाही, पण तामिळनाडूतील कितीतरी कुटुंबांच्या आठवणीत तीच खरी हेराल्ड आहे.

शहराच्या उत्तरेला, कलकत्त्याच्या जुन्या हमरस्त्यावर शोलावरम आहे. महायुद्धाच्या काळातील तेथील धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती भरत. मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला आणि पुढे काही दशके शोलावरम हे देशातील शर्यतींचे मुख्य केंद्र राहिले. १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टै येथे खास बांधलेला मार्ग तयार झाल्यावर त्याचे दिवस सरले. शोलावरमला धावणाऱ्या गाड्यांत विलायती स्पोर्ट्स मोटारी होत्या, तशाच येथील हेराल्ड, फियाट आणि अँबॅसडरही होत्या. आणि शर्यतीत उतरणारी गाडी कारखान्याच्या रूपात क्वचितच असे. लेथवर बसलेला टर्नर आणि कानाने इंजिन ओळखणारा मिस्त्री यांनी तिच्यात हात घातलेला असे. या बदलांना कोणी पुस्तिका छापली नाही. त्या गाड्यांच्या पोटातच त्यांचा इतिहास राहिला.

याहून महत्त्वाचे कारण टंचाईचे. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५० नंतरच्या त्या दशकात येथील जुळणीचे कारखाने आवरते घेतले. त्या आधी वा नंतर जी एखादी एम.जी. अथवा जॅग्वार देशात आली, तिला चालू ठेवण्याची जबाबदारी इथल्याच बाजारावर पडली. चेन्नईत पुदुपेट आणि मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार यांनी ती पेलली. सुदैवाने एक नाते मदतीला आले. अँबॅसडरमध्ये पुढे जे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आले, ते आणि पहिल्या एम.जी.ए.चे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन एकाच घराण्यातील. एम.जी.ला दोन कार्बोरेटर आणि अधिक शक्ती, अँबॅसडरला संथ, सोशीक प्रकृती. परंतु आतले पुष्कळसे अवयव एकमेकांना चालत. त्यामुळे लंडनहून पिस्टन मागवण्याची सोय नसलेल्या मालकाने अँबॅसडरचे पिस्टन घातले, कधी सबंध इंजिनच बसवले. अँबॅसडरचे उत्पादन उत्तरपाड्याला २०१४ मध्ये थांबेपर्यंत हा आधार हाताशी होता.

आता त्या कल्पिलेल्या गाडीकडे परत जाता येईल. पाणी ओसरल्यावर कारागिराने ती उघडली आणि आत तिचे सारे आयुष्य थरांनी दिसू लागले. सिलिंडर हेड घासलेले आढळले. म्हणजे कोणी तरुणपणी तिला शोलावरमसाठी तयार केले असावे. आतले पिस्टन अँबॅसडरचे निघाले. ही टंचाईच्या वर्षांची खूण. डायनामोच्या जागी अलीकडचा आल्टर्नेटर आहे आणि लाल रंगाखाली मूळचा हिरवा रंग. यांतले काय ठेवायचे आणि काय काढायचे?

सोवळा पंथ म्हणेल, सर्व काढा; आज इंग्लंडमध्ये नवे बनवलेले भाग मिळतात, ते आणा आणि गाडी १९५६ ला नेऊन ठेवा. परंतु असे केल्यावर हाती येते ते काय? कारखान्याबाहेर पडलेल्या क्षणाची प्रतिकृती, आणि तीही आजच्या भागांनी केलेली. अशा प्रतिकृती इंग्लंडमध्ये शेकड्यांनी आहेत, कारण एम.जी.ए. गाड्या एक लाखाहून अधिक झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य परदेशांत गेल्या. अँबॅसडरचे पिस्टन घालून सहा दशके मद्रासच्या उन्हात धावलेली एम.जी.ए. मात्र फक्त इथेच असू शकते. टंचाईने केलेला तो फेरफार हाच तिच्या इतिहासाचा अस्सल भाग आहे. तो फेकून देणे म्हणजे पोथीतील जुन्या वाचकाची समासातील टीप खरवडून पान कोरे दिसेल असे करणे.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले पाठभेद पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये तिचे शुद्धीकरण केले. मूळ शब्दांविषयीची ती निष्ठा थोरच होती. तथापि पुढच्या अभ्यासकांनी जेव्हा वेगवेगळ्या पोथ्या धुंडाळल्या, तेव्हा त्यांना प्रत्येक पाठभेदही मोलाचा वाटला. कारण ग्रंथ लोकांच्या हातांतून कसा प्रवास करीत आला, हे त्या पाठभेदांनीच सांगितले. मूळ संहिता आणि तिची वाटचाल, दोन्हींचे स्थान आहे. एकीला दुसरीचे नाव देणे तेवढे चूक.

मात्र यावरून प्रत्येक जुना बदल पवित्र ठरत नाही, आणि जुन्या काळचा म्हणून कोणताही भाग कोणत्याही गाडीला शोभतो असेही नाही. तत्कालीन फेरफारांच्या पंथाचे दुबळे अंग ते हेच. जॅग्वार एक्स.के. १२० या गाडीचे ड्रमचे ब्रेक वेगाला अपुरे पडत. १९५७ मध्ये आलेल्या एक्स.के. १५० ला डिस्क ब्रेक मिळाले. तेच जुन्या गाडीला बसवून कोणी त्यास तत्कालीन म्हणतो. भाग त्या काळचा खरा, पण त्या गाडीच्या आयुष्यातला नाही. एखाद्या निवांत घरगुती गाडीवर आज मोठा सुपरचार्जर, शर्यतीचे क्रमांक आणि चामड्याचे पट्टे चढवणे म्हणजे तिला कधी न लाभलेले तारुण्य उसने देणे होय. काळाशी प्रामाणिक असणे आणि त्या विशिष्ट गाडीशी प्रामाणिक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अधिक कठीण आहे. पहिलीला सूचिपत्र पुरते. दुसरीला गाडीची चौकशी करावी लागते.

काही फेरफार तर ना मूळ असतात ना तत्कालीन. ते आजची गरज म्हणून येतात. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० मध्ये बंद झाले. जुन्या बिडाच्या सिलिंडर हेडांतील व्हॉल्व्हच्या बैठकांना त्या शिशाचे संरक्षण होते. आता तेथे टणक कडी बसवावी लागतात. अलीकडे पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि ते जुन्या रबराच्या नळ्यांना खाते. त्या बदलल्या नाहीत तर गाडीला आग लागण्याचे भय. चेन्नईच्या उन्हाळ्यात आणि वाहतुकीच्या खोळंब्यात इंजिन तापते, म्हणून विजेचा पंखा लावतात. जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, ते उलटे करून आल्टर्नेटर बसवतात. १९६७ च्या अखेरीस एम.जी.बी.च्या बाबतीत कारखान्याने स्वतःच हे केले होते. या बदलांची लाज वाटण्याचे कारण नाही. पेट्रोलची नळी सुरक्षित असणे हे मूळपणाहून मोठे मूल्य आहे. अट एवढीच, की बदल लपवू नये आणि शक्य तेथे तो उलटा फिरवता यावा. पंखा चार बोल्ट काढून उतरवता येतो; पंख्यासाठी कापलेला पत्रा परत येत नाही.

या साऱ्याला आता कायद्याचीही धार आली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत सुधारणा करून प्रथमच पुराण्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली दुचाकी आणि चारचाकी वाहने तिला पात्र ठरतात. त्यांच्या क्रमांकात 'व्ही' आणि 'ए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, आणि मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली किंवा दुरुस्ती यांसाठीच आणता येते. परंतु मुख्य अट अशी, की वाहन मूळ रूपात राखलेले असावे आणि सांगाडा, शरीर किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलमही निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांपासून दूर जाणाऱ्या बदलांना मज्जाव करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कठोरपणे लावला.

नियमामागील हेतू योग्यच आहे. जुन्या नावाखाली नव्या बनावट गाड्या शिरू नयेत, हे पाहिलेच पाहिजे. परंतु 'मूळ रूप' हे दोन शब्द अधिकाऱ्यासमोर येतात तेव्हा त्या गाडीचे काय होणार, जिच्यात आयातबंदीच्या काळात अँबॅसडरचे इंजिन बसले? देशाच्याच धोरणामुळे जो बदल करावा लागला, तो आज दोष ठरावा काय? आणि तो दोष ठरू नये म्हणून मालकाने ते इंजिन भंगारात देऊन परदेशातून दुसऱ्याच गाडीचे इंजिन आणले, तर गाडी अधिक मूळ झाली की कमी? कागद म्हणेल, अधिक; गाडी मात्र एक खरी गोष्ट गमावून बसलेली असेल.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ज्याची स्थापना १९६६ मध्ये झाली, या बाबतीत विचारपूर्वक वाट काढली आहे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली होती; तिच्या धर्तीवर महासंघाने २०१२ च्या सुमारास मोटारींसाठी ट्यूरिनची सनद तयार केली. वाहनाच्या वापरातील आयुष्यात झालेले बदल हे त्याच्या इतिहासाचे साक्षीदार मानावेत, जतन करताना शक्य तितके कमी बदलावे, जे बदलावे लागेल ते ओळखू येईल आणि परत फिरवता येईल असे असावे, आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आशय आहे. महासंघाच्या वर्गीकरणातही आपल्या काळात फेरफार झालेल्या गाड्यांना मानाची स्वतंत्र जागा आहे. आपल्या नियमांच्या अंमलबजावणीत एवढी समज आली, तरी पुष्कळ गाड्या वाचतील.

वेलचेरीतच दंडीश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि त्याच्या भिंतींवर चोळांच्या काळचे लेख आहेत. तामिळनाडूतील अनेक मंदिरांत दगड स्वच्छ करण्यासाठी दाबाने वाळूचा मारा करण्याची पद्धत मध्यंतरी रूढ झाली होती. दगड उजळले, पण अक्षरे झिजली. तेव्हा ती पद्धत निषिद्ध ठरवावी लागली. मोटारींच्या पत्र्यावरील गंज आणि रंग काढण्यासाठीही हाच वाळूचा मारा केला जातो. गंज गेला पाहिजे, यात वाद नाही. परंतु त्या माऱ्याबरोबर सर्वांत खालचा हिरवा रंगही उडतो आणि त्यासोबत तो कोणता हिरवा होता, हे सांगणारा एकमेव साक्षीदारही. दारामागच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा न घासता सोडला, तर गाडीच्या सौंदर्यात काही उणे येत नाही. जीर्णोद्धार करणाऱ्याचा संयम अशा तळहाताएवढ्या जागेवर दिसतो.

म्हणून पुरातून वर आलेल्या त्या गाडीच्या मालकाने कारागिराला काय सांगावे, याचे उत्तर आता पुष्कळसे स्पष्ट होते. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. फुगलेल्या फळ्या बदलाव्यात, कारण त्यांवर पाय ठेवायचा आहे. परंतु जुन्या फळ्यांवरून माप घ्यावे आणि एक सुकवून ठेवावी. तारा नव्या घालाव्यात, जुन्याच रंगांच्या. पिस्टन धड असतील तर अँबॅसडरचेच राहू द्यावेत आणि घासलेले हेडही. आल्टर्नेटर ठेवावा, पण डायनामो माळ्यावर असेल तर तो साफ करून डब्यात जपावा, न जाणो पुढच्या पिढीला तो हवा असेल. लाल की हिरवा, ही निवड मालकाची. फक्त जो रंग देईल त्याचे कारण त्याने लिहून ठेवावे. आणि गाडीबरोबर एक वही असावी, जिच्यात ती कोठून आली, तिच्यात काय, केव्हा आणि कोणत्या अडचणीमुळे बदलले, हे प्रांजळपणे लिहिलेले असावे. मिस्त्रीचे नावही तीत यावे. ज्या हातांनी तुटलेला दाता घासून बसवला आणि लंडनच्या मदतीवाचून गाडी चालती ठेवली, त्या हातांची नोंद गेडनच्या वहीत कधीच होणार नाही. ती इथेच करावी लागेल. ती माणसे वृद्ध झाली आहेत, कित्येक गेलीही आहेत. सुटा भाग हरवला तर तो कोणी नव्याने घडवील, पण त्यांची आठवण हरवली तर ती परत घडवता येणार नाही.

मूळपण हे गाडीच्या जन्मदिवसाशी जखडलेले नसते. आपल्याविषयी खोटे न बोलणारी गाडी मूळ होय, मग तिच्या अंगावर किती का ठिगळे असेनात. आणि नव्याकोऱ्या जुन्या भागांनी झळकणारी गाडी, आपण कोठे होतो हे विसरली असेल, तर ती केवळ सुबक आहे.

वेलचेरीत पुन्हा पावसाचा इशारा येईल आणि पुन्हा मोटारी पुलावर चढतील. त्या रांगेत एखादी जुनी बुटकी दोन आसनी गाडीही ताडपत्रीखाली उभी असावी. येणारेजाणारे तिच्याकडे पाहून वय विचारतील, किंमत विचारतील. कोणी तिची वही मागून वाचली, तर मात्र पावसातून तिला वर आणल्याचे सार्थक होईल.